इंदूबाईंचा प्रश्न आणि माझा समाजशास्त्राचा पेपर

या उन्हाळ्यातली गोष्ट. चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या अंगणवाडीत खिचडी शिजत होती, पोरं चित्रांत रंग भरत होती आणि मी कोपऱ्यात समाजशास्त्राचं गाइड उघडून बसले होते. पेपरला तीन आठवडे उरले होते… आणि या विषयात मी आधी दोनदा नापास झाले होते.

मी अंगणवाडी सेविका. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. अनेक अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविकेच्या जागेसाठी पदवी लागते, म्हणून अडतिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. मराठी निघाला, इतिहास निघाला… समाजशास्त्र काही निघेना. अख्खं गाइड पाठ असायचं, पण पेपर हातात आला की सगळ्या व्याख्या एकमेकींत मिसळायच्या.

नवरा माजरीला खाणीत कामाला आहे, आठवड्याने घरी येतो. माझी दमछाक बघून तोही म्हणाला, आता पुरे कर. मी वरवर भांडले, पण मनातून हरलेच होते. ही शेवटची वेळ, असं ठरवून टाकलं होतं.

इंदूबाई आमच्या मदतनीस. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, शाळा चौथीपर्यंत. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायची, ती अंगणात वाळत घालायची आणि तरी माझ्याआधी येऊन अंगणवाडी झाडून ठेवायची, असं त्यांचं काम. दहा वर्षं आम्ही एकाच खोलीत काम करतोय.

त्या दिवशी मी मोठ्याने घोकत होते. अर्पित दर्जा म्हणजे जन्माने मिळालेला, अर्जित दर्जा म्हणजे प्रयत्नाने मिळवलेला… चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितलं, मी बाई म्हणून जन्मले हा अर्पित, शिकून सेविका झाले हा अर्जित.

त्यांनी खिचडीत डाव फिरवला. मग म्हणाल्या, "मंग विधवा होनं कशात येते? जन्मानं तं मी विधवा नाई आली. अन् मेहनत करून बी नाई कमावलं."

मी गाइडची पानं उलटून पाहिली, तिथं याबद्दल काहीच नव्हतं.

इंदूबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. गावात लग्न असलं की स्वयंपाकाला त्यांना सगळ्यात आधी बोलावतात, पण हळद लावायला कोणी बोलावत नाही. हे मी दहा वर्षं बघत होते… आणि एकदाही त्यावर बोलले नव्हते. त्या दिवशीही त्या तक्रार करत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

घरी जाऊन मी गाइड बाजूला ठेवलं आणि कधी न उघडलेलं मूळ पुस्तक काढलं. अख्खा धडा सावकाश वाचला. तिथं लिहिलं होतं की अर्पित दर्जा फक्त जन्मानेच मिळतो असं नाही. माणसाची इच्छा न विचारता समाज त्याच्यावर जो टाकतो, तोही अर्पितच.

दुसऱ्या दिवशी इंदूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे लोकायनं देला. मंग लोकायले वापस बी घेता येते."

दोन वर्षं पाठ करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका वाक्याने शिरलं.

मग रोजचंच झालं. पोरं घरी गेली की भांडी घासता घासता त्या ऐकायच्या आणि मी सांगायचे. त्यांना कळलं नाही की पुन्हा पहिल्यापासून… आपल्या बोलीत, आपल्या गावातलं उदाहरण देऊन. सामाजिक नियंत्रण म्हणजे काय, हे तर त्यांनीच मला समजावलं असं म्हणायला हरकत नाही.

परीक्षेच्या सकाळी फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. दोन्हीकडे जंगल, आणि त्याच आठवड्यात वाघ दिसलेला. एकटी कशी जाणार, या काळजीत मी दार उघडलं तर बाहेर इंदूबाई काठी घेऊन उभ्या. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या चार बायकांनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणजे जाताना मला आणि परत येताना इंदूबाईंना सोबत.

वाटेत त्या सहज म्हणाल्या, "तुमी बी.ए. पास झाल्या का इथून जासान. मले मालूम हाये."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मुख्य सेविका झाले तर मला दुसरीकडे जावं लागेल, त्यांच्याकडे नवी बाई येईल… कशी असेल कोण जाणे. मी विचारलं, मग रोज माझ्यासोबत काऊन बसल्या?

"तुमाले जाचं हाये ना," त्या म्हणाल्या.

बसमध्ये पुस्तक उघडलं, पण अक्षरं दिसत नव्हती.

पेपरात दर्जाचे प्रकार उदाहरणांसह आले होते. पहिल्यांदाच मी पाठ केलेलं काही लिहिलं नाही. त्यांचं नाव न घेता त्यांचा प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं… आणि जास्तीची पुरवणी मागितली.

गेल्या सोमवारी निकाल लागला. पास झाले, तेही काठावर नाही. सगळ्यात आधी इंदूबाईंना दाखवला. पदराला हात पुसून त्यांनी मोबाइल घेतला, यात समाजशास्त्र कुठं लिहिलं आहे ते विचारून घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून गुण वाचले. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं पुस्तक कधी आनता?"

हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. मी इथून जावं म्हणून रोज माझ्याजवळ बसणारं माणूस मला मिळालं… एवढंच सांगायचं होतं.