चिमूटभर धूप

आज सातवीला रोमन राजवट शिकवत होतो. तिथे ख्रिस्ती माणसाला पकडलं, की सम्राटाच्या मूर्तीपुढच्या निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकायला सांगत. टाकला तर सुटका, नाही तर मरण.

"एवढंच ना सर? टाकायचा आणि घरी जायचं," पहिल्या बाकावरची सायली म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो.

संध्याकाळी देवापुढे धूप घालायला चिमूट उचलली आणि हात तसाच राहिला. महिन्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एक कागद सहीसाठी पुढे केला होता. देशमुखबाई मुलांना मारतात, असं त्यावर लिहिलं होतं. साफ खोटं. बाईंचा आवाजसुद्धा कधी चढला नव्हता. त्यांची नोकरी गेली.

निखारा विझत आला, तरी चिमूट सुटेना. मी तरी काय केलं होतं? नुसती सही केली आणि घरी आलो.