सुभेदारांना अरेतुरे

नाटकाचा प्रयोग एकदाच होतो, तालमींचे किस्से मात्र साचत जातात. आमच्या साताऱ्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने यंदा सांगलीच्या नाट्यस्पर्धेसाठी जुन्या धाटणीचं इंग्रजी नाटक घेतलं. बसवायला मी. राजा म्हणजे रिटायर्ड सुभेदारकाका, राणी त्यांच्याच सौभाग्यवती शालनकाकू, हायस्कूलात इंग्रजी शिकवलेल्या. प्रधान मुलाणीचाचा, कापडदुकानवाले.

*

तालमी झकास चालल्या होत्या. मग मी सगळ्यांना अर्थ सांगितला. जुन्या इंग्रजीतलं ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’. त्याच्यासोबत ‘हॅव्ह’चं ‘हॅस्ट’ होतं आणि ‘आर’चं ‘आर्ट’. झालं!

सुभेदार खुर्चीतून उठलेच. “म्हंजे ही मला चारचौघांत अरंतुरं करणार?”

काकू म्हणाल्या, “शाळेत शिकवलं खूप, पण ह्यांना ‘तू’ म्हणायला न्हाई जमायचं मला. लग्न झाल्यापास्नं आवं म्हणते मी.”

आता आली का पंचाईत! राणी राजाकडे बोट दाखवून “दाऊ हॅस्ट लाइड!” म्हणजे “तू खोटं बोललास!” म्हणते, तिथेच नाटकाचा कळस. सांगलीच्या स्पर्धेत तेवढं वाक्य पडलं की सगळंच पडलं. मला झोप लागेना.

*

राजालाही तोच त्रास. त्याला प्रधानाकडे बघून “दाऊ आर्ट अ फूल!” म्हणायचं होतं. सुभेदार कडाडले, “दाऊ आर्ट अ फूल...” आणि हळूच पुढे जोडलं, “...मुलाणीसाहेब!”

चाचा लगेच म्हणाले, “व्हय महाराज!”

*

काकूंनी घरी सराव मात्र सोडला नाही. एका सकाळी त्या दाराकडे बोट दाखवून ओरडल्या, “दाऊ हॅस्ट लाइड!” नेमका दारात दूधवाला. त्याने घाबरत अर्थ विचारला, काकूंनी सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून दूध लय घट्ट येतंय!

*

एवढं होऊनही नवरा समोर आला की काकूंचा आवाज बसायचा. सांगलीला निघेपर्यंत वाक्य काही निघालं नाही. शिवाय सुभेदारांची शुगर वाढलेली, त्यामुळे गोडावर काकूंची कडक नजर. आयोजकांसाठी नेलेला कंदी पेढ्यांचा बॉक्सही त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला होता.

पडदा उघडला. शेवटचा प्रवेश आला. राजा छातीवर हात ठेवून म्हणाला, “माय क्वीन, आय हॅव्ह डन नो राँग!”

राणी जवळ गेली. विंगेतून मी हळूच वाक्य पुरवलं. काकूंनी राजाच्या मिशीकडे निरखून पाहिलं. मिशीत पेढ्याचा भुगा!

“दाऊ हॅस्ट लाइड!!”

हॉल दणाणला. राजा धाडकन गुडघ्यांवर आला आणि हात जोडून म्हणाला, “एकच खाल्ला गं!”