भाटांच्या वहीतले गळलेले दोन पुरुष

रविवार, ११ मे २०२५. तिसगावजवळच्या आमच्या घरी वंशावळ वाचायला भाट आले. बिदागी अकराशे रुपये, शिवाय दर नव्या नावामागे पाचशे एक. हजर: भाट, मी, बायको आणि मुलगी.

मुलगी पुण्यात संशोधन करते. माणसाच्या आणि वानरांच्या वाय गुणसूत्राचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून कुठे काय बदललं ते बघते. हे गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. भाटांची वहीही तशीच चालते. तिने आपलं नाव लिहा म्हटल्यावर भाट म्हणाले, "पोरीचं नाव लिहायचा रिवाज न्हाई." आम्हाला ती एकटीच. म्हणजे वहीत आमची फांदी माझ्यावरच संपणार होती. तिचा चेहरा उतरला.

वाचन सुरू झालं. मी सवयीने साल कागदावर उतरवत होतो. एका ठिकाणी बापाचा जन्म शके १६९०, मुलाचा १७८१. वजाबाकी एक्याण्णव. भाटांना विचारलं.

"जुनी हाडं लई पक्की हुती, मालक."

बायकोने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती चहा टाकायला गेली.

मुलगी मात्र वहीवर वाकली. वायमध्ये तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो, ती सांगू लागली. वाचताना दोन सारखे तुकडे एकच समजले की मधलं सगळं गळतं. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. नक्कल करणाऱ्याची नजर आजोबावरून थेट नातवावर गेली असणार. दुसरी प्रत आहे का?

होती. भाटांच्या पणजोबांच्या वाटणीत वहीची नक्कल झाली होती आणि मूळ वही त्यांच्या पाथर्डीच्या चुलतभावाकडे गेली होती. भाटांनी फोन लावला. तोवर मुलगी म्हणाली, माणूस आणि चिंपांझीही असेच, एकाच जुन्या वहीवरून निघालेले.

"म्हंजी माजा भाऊ माकड?"

"त्यांच्याकडून बघितलं तर तुम्ही, भाटकाका."

भाट पोट धरून हसले. मग मोबाईलवर फोटो आला. त्यात दोन पुरुष जास्त होते: मधला मुलगा, आणि आजोबाचंच नाव लावणारा नातू. भाटांनी चष्मा पुसून दोघांना जागेवर बसवलं. चूक आपल्याच घरची, म्हणून त्यांचे पैसे घेतले नाहीत. पेनाला टोपण न लावताच त्यांनी मुलीला तिचं पूर्ण नाव विचारलं.

रिवाजाचं काय, मी म्हटलं.

"जिनं वही दुरुस्त केली, तिलाच वहीत घ्यायचं न्हाई, हे मला न्हाई जमायचं."

अकराशे आणि तिच्या नावाचे पाचशे एक, असे सोळाशे एक रुपये भाटांच्या हातात दिले.