मधल्या मशीनचा खटका

आज कामाच्या जागी तुमच्याशी कोण बोललं? लाइनवर, ऑफिसात, गेटवर, कुठंही. आठवायला वेळ लागत असेल तर ज्योतीरामची गोष्ट तुमच्याच घरची समजा.

ज्योतीराम मूळचा गंगाखेडचा. चाकणला गिअरचे भाग करणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला. राहायला भोसरीत, पत्र्याच्या खोलीत एकटा. बायको गावाकडं, त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी. तो लागला तेव्हा लाइनवर माणसंच माणसं होती. एक जण गवळणी म्हणायचा, दुसरा सुपरवायझरची नक्कल करायचा, तंबाखूची पुडी या टोकाची त्या टोकाला जायची. मग एकेका जागी रोबोट आला. ज्योतीराम तेवढा राहिला, कारण एक रबरी रिंग रोबोटला काही केल्या धड बसवता येईना. पुढं रोबोट, मागं रोबोट, मधे हा. कंपनीनं माणूस ठेवला तो दोन बोटांसाठी. त्याला तोंडही आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मशीनं मात्र दिवसभर बोलायची. सगळ्यांमधून एकच जांभळी केबल गेलेली. माझं झालं, आता तू घे, असा निरोप तिच्यावरनं फिरायचा. हे त्याला सांगितलं मेंटेनन्सच्या वरदनं. एकदा मशीन पुसताना ज्योतीरामचा हात केबल जिथं मशीनला जोडलेली त्या टोपणाला लागला आणि पुढची सगळी मशीनं मुकी झाली. लाल दिवा लागला. वरद धावत आला, टोपणावरचा बारका खटका त्यानं मागं सारला.

"मामा, हा खटका प्रत्येक मशीनला असतो, पण चालू फक्त शेवटच्याचा ठेवायचा. लाइन इथं संपली, असं त्यानं केबलला कळतं. मधेच चालू केला की पुढच्यांना काही ऐकू जात नाही."

"म्हंजी पंगतीत मधीच कुणी वाढप्याला म्हणलं, झालं, आता पुढं कुणी न्हाई."

"अगदी तसंच. आणि पुढचे बसतात कोरडी पत्रावळ बघत."

दोघं हसले. जाता जाता वरदनं विचारलं, "मामा, जेवलात का?" ज्योतीराम त्या दिवशी खोलीवर गेला तो ते तीन शब्द घेऊन.

पुढच्याच आठवड्यात त्याचा हात आपणहून खटक्याकडं गेला. लाइन थांबली, दिवा लागला, वरद आला. लाइन मुद्दाम थांबवली, एवढं कारण ठेक्यावरच्या माणसाला गेटबाहेर काढायला रग्गड झालं. ज्योतीरामला हे पक्कं ठाऊक. तरी हात जायचा. नोकरी पणाला लावून हा गडी मिळवत काय होता? खटका मागं सारेपर्यंतच्या गप्पा.

तिसऱ्या खेपेला वरद उकिडवा बसून खटक्याकडं बघत राहिला. "मामा, हा आपोआप सरकत नाही."

ज्योतीराम रबरी रिंग बोटात फिरवत होता. "कामून सारतो, ते इचारा की."

वरदनं विचारलं नाही. "या वेळी केबल सैल होती म्हणून लिहितो. पुन्हा हात लावू नका. खटक्याबिगर येत जाईन मी."

आणि यायचा. "काय मामा, गंगाखेड काय म्हणतंय?"

"काय म्हणणार? पुण्याला जाऊन साहेब झाला म्हणतेत. म्या म्हणलं, हाव, रोबोट हायेत माझ्या हाताखाली."

मग वरदची बदली झाली, तळेगावला. त्याच्या जागी ऋता आली, कामाला चोख. ज्योतीरामनं बरेच दिवस वाट पाहिली. कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानं खटका सरकवला. ऋता आली, कानात आवाज अडवणारे बोळे घातलेले. "हादऱ्यानं सरकला असणार," ती स्वतःशीच म्हणाली. खटका मागं सारला, त्यावर प्लास्टिकचं झाकण आवळून बसवलं आणि निघून गेली. ज्योतीराम तोंड उघडून उभाच.

तिला त्याचा संशयसुद्धा आला नाही. संशय यायला तरी समोर माणूस दिसावा लागतो. नोकरी वाचली. झाकण अजून तिथंच आहे. कँटीनच्या भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' लिहिणाऱ्यांनी कधी त्या झाकणासमोर दिवसभर उभं राहून दाखवावं.

पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची गाडी भोसरीला निघते. ज्योतीराम खिडकीशी असतो, रिकामा डबा मांडीवर. शेजारची जागा बहुतेक मोकळीच असते. त्या गाडीत असाल तर तिथं बसा. मोबाइल खिशात घाला आणि एवढंच विचारा, "मामा, जेवलात का?"