चोरून हात लावणार नाही

"हात काढ तिच्या अंगावरचा."

मी गवतावर गुडघे टेकून बसले होते. समोर चटईवर इरा उताणी पडलेली. तिचा पाय गुडघ्यात वाकवून मी हळूहळू आत फिरवत होते. तिची कंबर आखडली होती, आणि आखडलेल्या कमरेनं गोल्फचा फटका मारला की सगळा भार मणक्यावर येतो. मला वाटलं, पोरीला दुखलं म्हणून बाप ओरडला. मी म्हणाले, "थोडं ताणलं जातंय फक्त, सर. काळजी करू नका."

"तुला मराठी कळत न्हाई का? हात काढ."

पाच मिनिटांपूर्वी मी कोच मॅडम होते.

लोणावळ्याजवळच्या एका निवासी कॉलेजात मी मुलींच्या गोल्फ संघाची कोच आहे. त्यातही माझं खास काम शरीराचं. ताकद, लवचिकपणा, दम. गोल्फ म्हणजे टोपी घालून हिंडायचा खेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दिवसभर चढउतार तुडवून शेवटचा फटका सरळ मारून दाखवावा. हे काम नुसत्या तोंडानं होत नाही. कुठला स्नायू झोपलाय, कुठला उगाच राबतोय, ते बोटांनाच कळतं. माझ्या बापाला अजून वाटतं मी पोरींना हॉकी शिकवते, ते सोडा.

इराचे वडील तळेगावचे बिल्डर. त्या दिवशी सराव बघायला आले. माझं तोंडभरून कौतुक केलं. मग विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मी पवनानगरकडचं आमचं गाव सांगितलं. माणूस एकदम खुलला. त्यांचंही मूळ गाव तेच. निम्मं शिवार त्यांच्या घराण्याचं.

"अरे वा! मग कुणाची गं तू?"

गावाकडं हे मायेनं विचारतात. मीही मायेनंच बापाचं नाव सांगितलं. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"म्हंजे वढ्यापलीकडची."

ओढ्यापलीकडं आमची बौद्धांची वस्ती. छप्पन साली पणजोबांनी जुना धर्म सोडला. गावानं आम्हाला ओळखायची जुनी रीत काही सोडली नाही. यांनी जमिनी विकल्या, बंगले बांधले, पोरीला गोल्फ खेळायला पाठवलं, आणि ओढा तेवढा जपून सोबत आणला.

मी हात काढला.

भीतीनं नाही. सवयीनं. ही सवय मला कुणी शिकवली नव्हती, तरी ती अंगात होती. त्याचा राग मला त्या माणसाच्या रागापेक्षा जास्त आला.

संध्याकाळी कॉलेजच्या संचालकांनी बोलावलं. चहा मागवला. आवाज अगदी मऊ.

"मॅडम, यात जातीचा काही विषय नाही हं. पालकांना पर्सनल स्पेसची काळजी वाटते."

"बाकीच्या पालकांना नाही वाटत?"

"त्यांचं सोडा. तुम्ही फक्त इराला हात न लावता शिकवा. ती काठी आहे ना तुमच्याकडे? तिनं दाखवा."

नेम धरायला खेळाडू जमिनीवर आडवी ठेवतात ती बारीक फायबरची काठी. तिनं मी मुलीच्या अंगाला शिवायचं. माझ्या हाताचा विटाळ, काठीचा नाही. जुन्या घाणीला इंग्रजी नाव दिलं की ती एसी केबिनमध्ये बसू शकते. जाता जाता ते म्हणाले, "तुमच्या कंत्राटाचं नूतनीकरण आहे. लक्षात असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिममध्ये इरा वजन उचलायला उभी राहिली. पाठ वाकत होती. मी काठी घेतली. तिच्या कमरेला टेकवली. "इथून वाक." तिला कळेना. पुन्हा टेकवली. ढोरं हाकल्यासारखं वाटलं मला. कोण ढोर आणि कोण हाकणारा, हेही कळेनासं झालं.

इरानं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आज पप्पा नाहीयेत. लावा ना हात. मी कुणाला सांगणार नाही."

पोरगी मनानं चांगली. तिला वाटलं, आपण मॅडमवर उपकार करतोय. बापाच्या शब्दानं झाली नव्हती एवढी आग तिच्या त्या दयेनं झाली. आमच्या घरी गुपचूप चहा पिऊन, तोंड पुसून ओढा ओलांडणारी माणसं मी लहानपणापासून बघितली. आई त्यांना मोठ्या मनाची म्हणायची. कसलं डोंबलाचं मोठं मन! माझा हात म्हणजे काय चोरीचा माल आहे?

"बार खाली ठेव," मी म्हणाले. "चोरून मी तुला हात लावणार नाही, इरा. लावेन तो तुझ्या बापासमोर. तोवर माझ्याकडं सरावाला येऊ नकोस."

ती रडली. मी समजूत घातली नाही. माझी कुणी घातली होती?

तशीच संचालकांच्या केबिनमध्ये गेले. काठी टेबलावर ठेवली. मी म्हणाले, "माझं काम हातांचं आहे. जात बघून हात आखडायला सांगणार असाल, तर मी पोलिसांत जाते."

"तुम्ही इमोशनल होताय, मॅडम."

मी इमोशनल होऊनच पोलीस ठाण्यात गेले. ॲट्रॉसिटीची तक्रार दिली. त्यात त्या बापाचे शब्द लिहिले, तसेच संचालकांचेही. दोघांचे जसेच्या तसे. एकानं मला तू म्हटलं, दुसऱ्यानं मॅडम. सांगितलं दोघांनी एकच.

कॉलेजनं मला रजेवर बसवलंय. नोकरी टिकेल असं वाटत नाही. गावाकडं निरोप पोचलाच. चार मोठी माणसं आमच्या दारात येऊन खुर्च्यांवर बसली. चहाला नको म्हणाली. ती उठून गेल्यावर माझ्या बापाचा फोन आला.

"पोरी, मिटव गं. लय मोटी माणसं हायती. आमाला हितंच ऱ्हायाचंय."

"व्हय आबा," मी म्हणाले. "हितंच ऱ्हायाचंय. म्हणूनच मिटवणार न्हाई."