चिंचेने धुतलेला आरसा

देवाची भांडी निम्मी घासून झाली होती. समई, निरांजन, ताम्हण उन्हात पालथी घातलेली, आणि कलश, घंटा, फुलपात्रं नळाखाली अजून काळीच. तेवढ्यात घटापुढच्या अखंड दिव्यात तेल घालायचं राहिल्याचं शकुंतलाबाईंना आठवलं. हात धुऊन त्या आत गेल्या, तेल घातलं, आणि भिंतीला जरा टेकल्या तर डोळाच लागला. नवरात्राचा उपवास, त्यात गुडघे. देवीसमोर झोप लागते हल्ली, असं त्या कुणाला सांगत नसत.

जाग आली तेव्हा सून गार्गी समोर उभी होती. "आई, राहिलेली सगळी भांडी झाली. बाबांचा आरसा पण धुऊन टाकला. किती धुरकटला होता."

शकुंतलाबाई ओसरीवर आल्या. खंडेनवमीला शिंपी कात्री पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, तसा या घरात उद्धवरावांच्या दुर्बिणीचा आरसा पाटावर मांडला जाई. उद्धवराव बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. एका पावसाळ्यात दोन जाड काचा एकमेकींवर घासघासून त्यांनी तो आरसा घडवला होता. घरातल्या आरशाची चमक काचेच्या मागे असते, दुर्बिणीच्या आरशाची पुढे, अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर. त्याला बोटही लावायचं नसतं. वैशाखात लग्न होऊन आलेल्या पोरीला हे कोण सांगणार? तिने चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन तो मन लावून घासला होता. आता मधोमध आरपार दिसत होतं. खालच्या पाटावरची रांगोळी सुद्धा.

शकुंतलाबाईंच्या मनात पहिल्यांदा राग आला नाही. सुटले बाई, असंच आलं. मग घटाकडे बघून त्यांना कसंसंच झालं.

पण खोटं तरी काय होतं त्यात? दर हिवाळ्यात देऊळघाट, मोताळा, थेट सोनाळ्यापर्यंतच्या शाळा बोलवायच्या. मालवाहू रिक्षात दुर्बिणीची ती भलीमोठी नळी, मागे घोंगडी पांघरून शकुंतलाबाई. तिथे गेल्यावर पोरांची रांग लावायची, अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला लाल कागद गुंडाळायचा, उद्धवरावांचं भाषण ऐकायचं. ते त्यांना पाठ झालं होतं. हॉलंडातल्या चष्मेवाल्याने दोन काचा एकापुढे एक धरल्या इथून सुरुवात. मग गॅलिलिओ आणि गुरूचे चार चंद्र. मग न्यूटनने काचेच्या भिंगाऐवजी आरसा बसवला. मग तो हर्शेल, जो आरसा घासताना तासन् तास हात काढत नसे आणि बहीण त्याला घास भरवी. इथे सगळी शाळा शकुंतलाबाईंकडे बघून हसे. बहिणीने पुढे स्वतः धूमकेतू शोधले हेही ते सांगत, पण तोवर हसणं थांबलेलं नसे. शेवटी अंतराळातल्या दुर्बिणी. एकीचा आरसा चुकीचा घासला गेला म्हणून तिला वर जाऊन चष्मा बसवावा लागला, आणि दुसरीचे आरसे सोन्याच्या मुलाम्याचे. घरी यायला मध्यरात्र. सकाळी पुन्हा नळाचं पाणी.

उद्धवराव झेंडूची फुलं घेऊन आले. पाटाकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली. गार्गीचा चेहरा उतरला.

"बाबा, मला वाटलं..."

"अवं, पहिले असंच घासत," ते म्हणाले. "तांब्या-कथलाचे आरसे होते, काळे पडत. तू फक्त दोन-अडीचशे वर्षं उशिरा आली."

ती हसली नाही. तेही हसले नाहीत. शकुंतलाबाईंनी हळूच विचारलं, "मुलामा परत चढवता येते ना?"

"येते. काच शाबूत आहे. पण मोठ्या शहरात नेणार कोण, आणून बसवणार कोण?" त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती, वर्षभरापासून. "राहू दे. झालं तेवढं बास."

आरसा धोतराच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली गेला. दसऱ्याला आल्यागेल्याला त्यांनी सोनं दिलं, पण नंतर जे भिंतीकडे तोंड करून निजले ते जेवणापुरतेच उठू लागले. चहा गार होई. बातम्या लागत नसत. शकुंतलाबाईंना हवी होती ती विश्रांती मिळाली होती, आणि घरात माणूस असून नसल्यासारखा झाला होता.

आठवड्याने मोताळ्याच्या शाळेतल्या अपेक्षा मॅडमचा फोन आला. "काकू, सर यंदा कधी येतात? पोरं डोकं खाऊन राह्यली."

पलंगावरून उद्धवरावांनी नुसती मान हलवली. नाही म्हटलं की कायमचं संपत होतं. शकुंतलाबाई म्हणाल्या, "सांगते मग," आणि फोन ठेवला.

"रात्रीचं मी आता येणार नाही," त्या पलंगाशी बसत म्हणाल्या. "माझ्याच्यानं होत नाही."

"मी कुठं ये म्हणून राह्यलो? बंद केलं ना."

"बंद काऊन? दिवसा दाखवा."

"दिवसा काय दाखवू? कावळे?"

"सूर्य दाखवा. नारायणगावच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिवसा, ढगातही काम करतात, तुम्हीच सांगता ना? तुम्हालेच काऊन रात्र लागते?"

"त्या ऐकतात. पाहत नाहीत."

"मग तुम्हीही कधी ऐका."

ते उठून बसले. "मोठी दुर्बीण तर गेली."

"कपाटावर ती भिंगाची छोटी दुर्बीण आहे की."

"ते खेळणं आहे, शकुंतला. चष्म्याच्या काचेचं."

"हॉलंडातली पहिली कशाची होती?"

उद्धवरावांनी कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "सूर्याकडे डोळा लावून पाहता येत नाही. डोळा जळते. पांढऱ्या कागदावर पाडावं लागते बिंब. डाग दिसतील त्यावर." हाताकडे बघून ते थांबले. "पेच कोण आवळणार पण?"

"गार्गी आवळेल."

"ती? चिंच घेऊन येईल."

"ऐकू आलं बाबा," स्वयंपाकघरातून आवाज आला.

शकुंतलाबाईंनी मोताळ्याला फोन लावला. भर दुपारी, शाळेच्या पटांगणात, आणि दिवेलागणीच्या आत घरी, असं बजावून सांगितलं. पलंगाखालच्या आरशाचं काय करायचं हा विषय कुणी काढला नाही. शकुंतलाबाईंनीही काढला नाही, तेवढं बळ नव्हतं.

"कागद मोठा लागेल," उद्धवराव नळीवरची धूळ पुसत म्हणाले. "सुरकुती नको त्याले."

गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या, चपला घातल्या आणि वह्यांच्या दुकानातून पांढरा कार्डपेपर आणायला निघाल्या.