कल्ल्यांचा रंग

आईने आयुष्यभर मुलुंडच्या बाजारात मासळी विकली. तिच्या मागे तिथे मी बसणार, असं अख्ख्या भांडुप गावाने धरूनच चाललं होतं. मी गोरेगावला ऑफिसात चिकटले आणि सुट्टीच्या दिवशी सॅलॅमँडरची चित्रं काढत बसले. पालीसारखे दिसणारे, ओलाव्यात राहणारे हे प्राणी मी कधी प्रत्यक्ष बघितलेले नाहीत. का आवडले, ते विचारू नका.

आई त्या चित्रांकडे ढुंकूनही बघत नसे. एकदा मात्र भाजी निवडता निवडता तिने माझा अॅक्सोलॉटल उचलला. हा सॅलॅमँडरचाच भाऊबंद, पण जन्मभर पाण्यात राहणारा. याचे कल्ले डोक्याच्या बाहेर असतात, पिसांसारखे. आईने कागद खिडकीशी नेला आणि म्हणाली, "मेलाय ह्यो. कल्ले बघ, पांढरे पडलेत. माझ्या पाटीत मी घेतला नसता."

माझं डोकंच फिरलं. महिना घातला होता त्या चित्रावर. "तुला काय कळतं गं त्यातलं?" असं तोडून बोलले आणि मग गुपचूप फोनवर मूळ फोटो उघडला. कल्ले लालभडक होते. मी काढत होते ऑफिसच्या प्रिंटरवरची प्रत समोर ठेवून, आणि त्या प्रिंटरची लाल शाई संपत आली होती. घ्या.

त्याच वर्षी आईची साखर डोळ्यांत उतरली. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. बाजार सुटला. मला एकच ध्यास लागला: तिला दिसतंय तोवर एक तरी जिवंत जनावर काढून दाखवायचं. दर रविवारी नवा कागद. ती तो खिडकीशी न्यायची आणि मान हलवायची. कधी "शिळा", कधी "बर्फातला". मासळीच्या बाबतीत ती गिऱ्हाइकाशीही कधी खोटं बोलली नाही, माझ्याशी कशाला बोलेल? मला रडू यायचं, पण तिचं बरोबर असायचं.

मागच्या रविवारी मी नुसतं पेन्सिलीने काढून चहा ठेवायला उठले. परत आले तर कागद तिच्या हातात. ती खिडकीशी गेली नव्हती. जागेवरच बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"आता जमलं बघ तुला," ती म्हणाली. "लाल झालेत कल्ले. ताजा हाय."

मी रंगाला अजून हातही लावला नव्हता.

"हो गं आई," मी म्हणाले. "जमलं."